ही जाऊ दे, पुढची येईल

माझा आवाज गाण्याचा नाही, हे मला शाळेतच सांगण्यात आलं होतं. सांगणारे आमचे गायनाचे मास्तर होते आणि त्यांनी ते भर वर्गात, कसलाही राग न धरता सांगितलं. म्हणाले, हा गळा नदीपलीकडच्या माणसाला हाक मारायला चांगला आहे. आमचं गाव शिरोळकडचं, कृष्णेच्या काठावरचं, त्यामुळं अशा गळ्याला गावात काम होतं. नावाडी पलीकडच्या काठाला झाडाखाली निजलेला असायचा आणि त्याला उठवायचं झालं की लोक मला घरातून बोलावून नेत. मी हाक मारली की नावाडी उठे. पुढच्या आयुष्यात माझ्या गाण्याचा इतका रोखठोक परिणाम मला क्वचितच बघायला मिळाला.

सत्तर सालाच्या आसपास कॉलेजसाठी कोल्हापूरला आत्याकडं राहायला आलो. वर्गात शेजारी बसणारा मुलगा मिशन कंपाउंडात राहायचा. त्याची आई दवाखान्यात नर्स होती आणि हा रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. तिथले एक परदेशी डॉक्टर कायमचे मायदेशी गेले तेव्हा त्यांच्या मुलानं आपल्या रेकॉर्डी याला देऊन टाकल्या. त्यातली एक त्यानं मला घरी नेऊन ऐकवली. गाणारा सुरात होता की नाही ते मला कळलं नाही, पण तो कुणाला तरी पलीकडच्या काठावरून बोलावत होता एवढं कळलं. मीही त्याच्याबरोबर ओरडलो. गिटारवाल्यानं रेकॉर्ड थांबवली आणि मला एकट्याला पुन्हा ओरडायला लावलं. असा गळा परदेशात लोक सिगारेटी ओढून मुद्दाम तयार करतात, असं त्यानं मला सांगितलं. मास्तरांनी मोडीत काढलेल्या वस्तूला एकदम भाव आला.

तिसरा आमच्यात आला तो लग्नात वाजवणाऱ्या ब्रास बँडवाल्यांच्या घरातला. आजोबांपासून घरात बँड होता. वडील क्लॅरनेट वाजवत आणि हा ड्रम. ईद असो नाहीतर दिवाळी, त्यांच्या अंगणात लाल कोट दोरीवर वाळत घातलेले असायचे. तो लाल कोट घालायचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून तो आमच्याकडं आला. कारण काही फार थोर नव्हतं, पण आमच्यात ताल त्याला एकट्यालाच कळायचा, म्हणून आम्ही खोलात गेलो नाही.

आमच्या पार्टीला गिटारवाल्यानं इंग्रजी नाव ठेवलं. ते इथं सांगत नाही. त्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

सरावाला जागा मिळाली ती गुळाच्या गोदामात. वडील आमचा गूळ ज्या अडत्याकडं घालायचे, त्या अडत्यानं दिली. गुऱ्हाळं बंद असली की गोदाम रिकामं, म्हणजे पावसाळ्यात गा, दिवाळीनंतर गूळ यायला लागला की बाहेर व्हा, असा व्यवहार होता. त्यामुळं आमचं संगीत उसाच्या हंगामाच्या उलट चालायचं. गोदामातून गूळ गेला तरी त्याची चिकटी जात नसे. गिटारच्या तारा चिकटायच्या, माइक हाताला चिकटायचा, ड्रमवर मुंग्या चढायच्या. मंडपवाल्याकडून आणलेला कर्णा आणि गिटारवाल्यानं स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर यांचं एकमेकांशी कधी जमलं नाही. मधूनच अशी शिट्टी वाजायची की शेजारच्या गोदामातले हमाल जेवायची सुट्टी झाली समजून उठायचे.

गाणी इंग्रजी होती. अडचण एवढीच होती की मला इंग्रजी येत नव्हतं. मी रेकॉर्ड ऐकून कानाला लागेल ते म्हणत असे. पुढं रेकॉर्डवरची गाणी संपली तेव्हा आम्ही स्वतःची बसवली. त्यातलं इंग्रजी तर कुठल्याच रेकॉर्डवर नव्हतं.

पहिला कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला झाला. मुलांना काही कळलं नाही, म्हणून त्यांनी खूप टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर आमचे इंग्रजीचे प्राध्यापक पडद्यामागं आले. पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे इंग्रजी कुठल्या भागातलं म्हणायचं?"

मी म्हणालो, "अमेरिकेतलं, सर."

त्यांनी थोडा विचार केला. "असेल," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेले. वर्षाच्या शेवटी त्यांनी मला पास केलं. तेही कदाचित अमेरिकेचा मान राखूनच.

दुसरा कार्यक्रम गणपतीत, एका तालमीच्या मंडळात. अध्यक्ष पैलवान होते आणि स्टेजच्या समोर एक आख्खा बाक त्यांनी एकट्यानं भरला होता. आम्ही आमचं सगळ्यात जोरकस गाणं आधी घेतलं. मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, ड्रमवाल्याची एक काडी मोडली, कर्ण्यानं शिट्टी घातली. गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवीही दिली नाही. सगळे शांतपणे वाट बघत बसले होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले,

"पावणं, आता गाणं म्हणा की."

गिटारवाला म्हणाला, हेच गाणं होतं.

"न्हाय, हे टेस्टिंग झालं," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "टेस्टिंग झ्याक झालं. आता गाणं हुं द्या."

त्या दिवशी ड्रमवाल्यानं वेळ मारून नेली. त्यानं वरातीतला एक ठेका धरला, मी त्यावर गावाकडच्या भजनातल्या ओळी माझ्या पद्धतीनं ओरडल्या, आणि पैलवान मंडळी उठून नाचली. आम्हाला नारळ आणि फेटे मिळाले. गिटारवाल्यानं मात्र फेटा बांधून घेतला नाही.

यानंतर मी मराठीत गाणी लिहावीत असं मला वाटायला लागलं आणि आमचं बिनसलं. गिटारवाल्याचं म्हणणं असं, की मराठीत ही गाणी होणारच नाहीत. ज्या भाषेत 'ळ' आहे त्या भाषेत माणूस जोरात ओरडायला लागला की जीभ टाळ्याला जाऊन चिकटते. त्यानं मला 'केळं', 'खुळा' आणि 'गूळ' ओरडायला लावून ते सिद्धही करून दाखवलं. मी चिडून म्हणालो की मी 'ळ' टाळून लिहीन. तो म्हणाला, मग ते मराठी तरी कसलं. या मुद्द्यावर एका पार्टीचे दोन तुकडे होऊ शकतात हे आज कुणाला खरं वाटणार नाही, पण तसं झालं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो मुंबईला एका हॉटेलात वाजवायला निघून गेला. तिथं त्याला जेवणाऱ्यांना त्रास होणार नाही इतक्या हळू आवाजात वाजवायचं होतं. जाताना आपली साधी, बिनविजेची गिटार त्यानं माझ्या हातात दिली आणि तीन कॉर्ड शिकवले. चौथ्याची तुला गरज पडणार नाही, म्हणाला. ते खरं निघालं.

ड्रमवाल्याच्या वडिलांना त्याच सुमाराला दम्यानं गाठलं. क्लॅरनेट फुंकणं त्यांना जमेना. घरचा बँड चालवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं निमूटपणे लाल कोट चढवला. अशा रीतीनं मी एकट्यानं गाणारा कलावंत झालो. लोक पुढं मला विचारायचे की पार्टी सोडून स्वतंत्र वाट धरण्याचं धाडस तुम्ही कसं केलंत. वाट मी धरली नव्हती. इतर दोघं निघून गेल्यावर मी जिथं उभा होतो तिला लोक वाट म्हणायला लागले.

मला नोकरी लागली राधानगरीला, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकुनाची. पाऊस मोजायचा आणि लिहून वर पाठवायचा हे काम. तिथं पाऊस इतका पडतो की मोजणाऱ्याला आपण उगाच मधे पडतोय असं वाटतं. खोलीत कपडे वाळत नसत, गिटारचं लाकूड फुगून तारा वर उचलायच्या. तिथं ओरडणंही जमेना, कारण पत्र्यावरच्या पावसापुढं माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. म्हणून मी हळू गायला लागलो. ही माझी नवी शैली आहे असं पुढं एका समीक्षकानं लिहिलं.

एका शनिवारी कोल्हापूरला जायला म्हणून स्टँडवर आलो. बाकावर एक तरुण बाई बसली होती, नवीन लग्न झालेली, शेजारी पत्र्याची पेटी. तिचा भाऊ तिला सासरी जाणाऱ्या गाडीत बसवून द्यायला आला होता. गाडी आली, भावानं पेटी उचलली. बाई म्हणाली, "ही जाऊ दे दादा, लई गर्दी हाय. पुढच्यानं जातो." आमच्याकडं बायकाही 'जातो'च म्हणतात. भावानं पेटी खाली ठेवली. पुढची गाडी आली ती जवळजवळ रिकामी होती. ती म्हणाली, हीही जाऊ दे, पुढच्यानं जातो. भाऊ चहा घेऊन आला, तिनं तो हातात धरून गार केला. माझी कोल्हापूरची गाडी कधीच येऊन गेली होती. मी का चढलो नाही ते मला सांगता येणार नाही. गाड्या येत राहिल्या आणि ती तेच म्हणत राहिली. कुणी तिच्यावर रागावलं नाही, ती रडलीही नाही.

ते गाणं मी त्याच आठवड्यात लिहिलं. 'ही जाऊ दे दादा, पुढची येईल' असं ध्रुपद होतं. तीन कॉर्ड, संथ चाल, आणि एकही 'ळ' नाही.

मग मी रविवारी कोल्हापुरात एकट्यानं कार्यक्रम करू लागलो. कधी एखाद्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, कधी कुणाच्या माडीवर. लोक येत ते मोजके, पण गंभीर. गाणं झालं की टाळी वाजवावी की नुसती मान हलवावी हे त्यांना ठरवता येत नसे. एका स्थानिक पेपरात बातमी आली, की प्रकृती बरी नसताना आणि आवाज पूर्ण बसलेला असतानाही गायकानं कार्यक्रम जिद्दीनं पार पाडला. आत्यानं ते कात्रण जपून ठेवलं आणि मला आठवडाभर हळद घालून दूध दिलं.

अशाच एका कार्यक्रमाला ड्रमवाला आला. लग्नाची तिथी नव्हती म्हणून मोकळा होता. मागं बसून त्यानं सगळं ऐकलं आणि संपल्यावर म्हणाला, ती एस.टी.ची चाल मला देतोस का, वडिलांच्या क्लॅरनेटवर चांगली बसंल. त्याचे वडील तेव्हा अंथरुणावर होते. त्यांच्यासाठी कुणी माझी चाल वाजवणार या कल्पनेनं मला भरून आलं. मी म्हणालो, घे की, विचारतोस काय.

क्लॅरनेट त्याच्या चुलतभावानं वाजवलं. ड्रमवाल्यानं चाल तशीच ठेवली, फक्त लय दुप्पट केली आणि खाली वरातीचा ठेका घातला. त्या मोसमात तिनं लग्नं धरली. वाद्यांना शब्द बोलता येत नाहीत, म्हणून नाचणाऱ्यांनी कुणाकडून तरी ऐकून ध्रुपद तेवढं उचललं. त्यातला 'दादा' त्यांना जरा मवाळ वाटला असावा. त्याच्या जागी त्यांनी 'भावा' घातला. मी गाणं लिहिताना एक गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. एस.टी. स्त्रीलिंगी आहे, आणि मुलगीही स्त्रीलिंगीच. ही जाऊ दे भावा, पुढची येईल. सासरी जायला पाय उचलेना अशा बाईचं गाणं होतं ते. आता ते जिल्ह्यातल्या सगळ्या नकार मिळालेल्या पोरांचं गाणं झालं. मित्र नवरदेवाच्या घोड्यापुढं नाचत ते त्याच्या तोंडावर म्हणायचे आणि नवरदेव वरून हसायचा.

पुढं लक्षात आलं की कुस्तीही स्त्रीलिंगी आहे. मैदानात चितपट झालेला पैलवान अंगावरची माती झटकत बाहेर आला की कडेला बसलेले लोक त्याला हेच ऐकवायचे. निवडणूकही स्त्रीलिंगी. पडलेल्या एका उमेदवारानं हे गाणं आपल्या दारात वाजवून घेतलं आणि जमलेल्यांना जेवण दिलं. मी ड्रमवाल्याकडं जाऊन तक्रार केली. त्यानं ती नीट ऐकून घेतली.

"तू म्हणतोस ते खरं हाय," तो म्हणाला. "पर रडायला वरातीत कोण येतंय?"



माझं लग्न ठरलं ते मलकापूरच्या मुलीशी. मी गातो हे तिच्या घरच्यांना सांगितलं नव्हतं. नोकरी सरकारी आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. बँड अर्थातच ड्रमवाल्याचा. त्यानं नवे लाल कोट शिवून घेतले होते आणि माझ्याकडून एक पैसा घ्यायला तयार नव्हता. वरात निघाली, दोन गाणी झाली, आणि माझे मेव्हणे त्याला जाऊन म्हणाले, आता ते पुढची येईल हुं द्या. ड्रमवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी घोड्यावर होतो, मुंडावळ्या बांधलेल्या होत्या, मान हलवली काय आणि न हलवली काय. त्यानं काड्या उचलल्या. माझ्या स्वतःच्या गाण्यावर माझे सासरे नाचलेले मी बघितले आहेत. चांगले नाचले.

राधानगरीच्या खोलीवर संसार लावला तेव्हा बायकोनं कोपऱ्यातली गिटार बघितली आणि ही कुणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं. वरातीत ते वाह्यात गाणं वाजवलं ना, ते मला बिलकूल आवडलं नाही, असं ती बोलता बोलता म्हणाली. ते माझंच आहे हे सांगायला मला बराच धीर करावा लागला. तिचा विश्वास बसला नाही. मग मी ते जसं लिहिलं होतं तसं, संथ, तिला म्हणून दाखवलं. ती भाजी निवडत होती. गाणं संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"मग ती गेली का शेवटी?" तिनं विचारलं.

इतकी वर्षं मी हे गाणं म्हणत होतो. वाचनालयातल्या गंभीर लोकांनी त्यातल्या प्रतीकांबद्दल विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, गेली, शेवटच्या गाडीनं. मी बघितलं ते.

"मग ते गाण्यात का न्हाई?"

मी म्हणालो, चालीत बसत नव्हतं.

"चालीत बसत नव्हतं म्हणून तिला स्टँडवरच बसवून ठेवलंत?" ती म्हणाली आणि निवडलेली भाजी घेऊन आत गेली.

ते शेवटचं कडवं मी त्या पावसाळ्यात लिहिलं. बायको एकेक ओळ ऐकून खोटी असेल तिथं खोटी म्हणून सांगायची. तिच्या चाळणीतून शेवटी उरल्या त्या दोनच:

शेवटची आली तेव्हा उठली ती गुमान,
पदर खोचून चढली, मागं नाही वळली मान.

त्यात एक 'ळ' आला. जीभ टाळ्याला काही चिकटली नाही. मी तेव्हा ओरडत नव्हतो, म्हणून असेल.

कॅसेटी निघायला लागल्या तेव्हा पुण्याहून एक माणूस आमच्याकडं आला. वरातीतल्या त्या गाण्याचा मूळ कवी मीच, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. एका बाजूला बँडची चाल आणि दुसऱ्या बाजूला माझ्या आवाजात मूळ गाणं अशी त्याची योजना होती. कोल्हापुरातच एका बंद खोलीत भिंतींना गाद्या लावून त्यानं ते ध्वनिमुद्रित केलं. माझा आवाज ऐकून त्यानं दोनदा मशीन तपासलं. कॅसेट आली, खपलीही. वेष्टनावर ड्रमवाल्याच्या बँडचं नाव ठळक होतं. गीत आणि संगीत याच्यापुढं छापलं होतं, पारंपरिक. मी वाईट तोंड करून ड्रमवाल्याकडं गेलो. तो खूश होता. त्याच्या मते पारंपरिक व्हायला लोकांना पाच-सहा पिढ्या लागतात आणि मी ते नोकरी सांभाळून केलं होतं. बायकोनं कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली आणि शेवटचं कडवं घेतलंय ना, एवढीच खात्री करून घेतली.

त्या कॅसेटची दुसरी बाजू ऐकणारी माणसं थोडी होती, पण होती. एका उन्हाळ्यात दाजीपूरकडच्या एका गावातून एक शेतकरी पत्ता काढत आमच्या घरी आले. मुलीचं लग्न होतं. वरातीला बँड सांगितला होताच, पण मुलीला पाठवणीला ते संथ गाणं पाहिजे होतं, म्हणणाऱ्याच्या तोंडून. मी गिटार घेऊन गेलो. लग्न लागलं, जेवणं झाली, मुलगी जीपमध्ये बसायला निघाली. तेवढ्यात तिची आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, गाणं म्हणा पावणं, पर त्यो शेवटला तुकडा नको. तेवढा वगळा. मी बरं म्हणालो. मुलीनं ते ऐकलं असावं. ती जीपच्या दारात थांबली होती, हिरव्या शालूत, घामानं कुंकू पसरलेलं.

"सगळं म्हणा," ती म्हणाली.

आईनं तोंडाला पदर लावला. मी सुरुवात केली. वरातीचे बँडवाले वाद्यं खाली ठेवून उभे राहिले. तीन कडवी झाली. मी चौथ्याला आलो आणि नवऱ्याकडच्या कुणीतरी ड्रायव्हरला, ऊन उतरायच्या आत घाट उतरायचा हाय, असं सांगितलं. त्यानं जीप सुरू केली. ती जुनी जीप होती. तिच्या आवाजापुढं मला हळू गाता येईना, म्हणून मी शाळेतल्यासारखा ओरडून ते कडवं म्हटलं. मुलीला किती ऐकू गेलं मला माहीत नाही. ती आत बसली होती आणि जीप वळून रस्त्याला लागली.

मुलीच्या वडिलांनी मला टोपी-उपरणं दिलं आणि आणखी थोडं बसा म्हणून आग्रह केला. बायकोसाठी लाडू बांधून दिले. घरी आल्यावर तिनं विचारलं, सगळं म्हटलंत ना. मी म्हणालो, म्हटलं, पण जीपच्या आवाजात शेवटचं नवरीला कळलं नसेल.

"तिला माहितीच होतं की ते," ती म्हणाली आणि लाडवांचा पुडा उघडला.